केमो द्यायची की नाही: अवघड निर्णय डॉक्टर कसा घेतात, आणि त्यात घरच्यांचं काम काय

"सगळ्यात स्ट्राँग औषध द्या डॉक्टर. पैशांचं बघू आम्ही."

आदल्या रात्रीच मस्कतहून उतरलेला थोरला मुलगा खुर्चीत टेकायच्या आत बोलला. मागून धाकटा व्हीलचेअर ढकलत आला. व्हीलचेअरमध्ये अण्णा. वय ७२, एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी झालेली, फलटणजवळ चार एकर ऊस. हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट २२ हजार, आणि बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या, जिथे रक्त तयार होतं) रिपोर्टवर लिहिलेलं: अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.)

मी रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर आहे. स्ट्राँग औषध कुठलं, हा प्रश्न रास्तच आहे, पण आमच्या डोक्यात तो चौथा-पाचवा येतो. त्याच्या आधीचे प्रश्न आम्ही मोठ्याने विचारत नाही. बाहेर ओपीडी भरलेली असते. मग घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी फाइल चाळली आणि ठरवून टाकलं. त्या न विचारलेल्या प्रश्नांची निम्मी उत्तरं फाइलमध्ये नसतातच, ती तुमच्याकडे असतात. म्हणून आम्ही कुठल्या क्रमाने विचार करतो आणि प्रत्येक टप्प्यावर तुम्ही काय आणून द्यायचं, ते इथे लिहितो आहे.

पहिली पायरी: आजार नक्की तोच आहे का?

हास्यास्पद वाटेल, पण सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. रक्तातल्या तिन्ही पेशी कमी झाल्या म्हणून कॅन्सरच्या धास्तीने आलेले काही जण निव्वळ बी-१२ च्या इंजेक्शनांवर बरे होऊन गेलेले मी पाहिलेत. बी-१२ फारच कमी असेल तर मॅरोतल्या पेशी इतक्या वेड्यावाकड्या दिसतात की नवखा डोळा फसतो. मानेतली गाठ टीबीची की लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची), हा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ. नुसत्या सुईच्या तपासणीवर त्याचा निकाल लावू नये, गाठ काढून बायोप्सी करावी.

ल्युकेमियात कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो काढतात आणि त्याच नमुन्यावर चार वेगवेगळ्या तपासण्या होतात. सूक्ष्मदर्शकाखालची पाहणी एक-दोन दिवसांत कळते. ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, साधारणपणे २० टक्क्यांच्या वर असतील तर अॅक्यूट ल्युकेमिया. अण्णांचे ४६ टक्के होते. त्या ब्लास्ट कुठल्या घराण्यातल्या हे फ्लो सायटोमेट्री सांगते. गुणसूत्रांचा रिपोर्ट आठवडा-दीड आठवडा घेतो आणि जनुकांच्या मोठ्या पॅनेलला त्याहून जास्त वेळ लागतो. पुढचं सगळं फिरतं ते या शेवटच्या दोन कागदांवर. टीपी५३ जनुक बिघडलेलं निघालं तर कितीही जोरदार केमो दिली तरी फारसं हाती लागत नाही. एनपीएम१ मध्ये बदल असेल तर सौम्य उपचारांनाही चांगली दाद मिळू शकते.

तुमचं काम: मोबाइलवरचे रिपोर्टचे फोटो पुरत नाहीत. मूळ स्लाइड आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. ब्लॉक न आणल्यामुळे म्हाताऱ्या माणसाची बायोप्सी दुसऱ्यांदा करावी लागते, तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं.

दुसरी पायरी: थांबायला वेळ आहे का?

कॅन्सर म्हटलं की घरच्यांना प्रत्येक तास दवडल्यासारखा वाटतो. बहुतेक कॅन्सरमध्ये आठवडाभर थांबून नीट तपासण्या करणं पेशंटच्याच भल्याचं असतं. पण काही अपवाद आहेत, ते आम्ही आधी चाळून काढतो.

सगळ्यात मोठा अपवाद म्हणजे अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन एका रात्रीत माणूस जाऊ शकतो. इथे स्लाइडवर नुसता संशय आला तरी जनुकाचा रिपोर्ट यायची वाट न बघता त्याच संध्याकाळी अॅट्रा नावाची कॅप्सूल सुरू करतात. संशय खोटा निघाला तर कॅप्सूल बंद. गंमत अशी की पहिले काही दिवस जिवावर बेतणारा हाच आजार ती वेळ निभावली तर सगळ्यात हमखास बरा होतो, तोही बऱ्याचदा नेहमीच्या केमोशिवाय, अॅट्रा आणि आर्सेनिकवर. ज्यांची धोक्याची पातळी फार वर नव्हती अशा पेशंटवरच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जोडीवर असलेल्यांपैकी ९७ टक्के जण दोन वर्षांनंतरही आजार न उलटता हयात होते. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. हे ऐकलं की एखादी आजी हमखास दचकते. (म्हणून कुणी वैदूकडचा सोमल खाऊ नये. शिरेतून द्यायचं मोजून-मापून बनवलेलं औषध निराळं, आणि तेही वरचेवर ईसीजी काढून, त्यावर नजर ठेवून देतात.)

दुसरा अपवाद: पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या आणि धाप लागतेय किंवा माणूस बरळतोय. तिथे रात्रीच हालचाल करावी लागते.

अण्णांच्या पांढऱ्या पेशी १४ हजार होत्या. ताप नव्हता. मी म्हटलं, रक्त चढवू, प्लेटलेट देऊ आणि जनुकांच्या रिपोर्टची वाट बघू. थोरल्याचा चेहरा पडला. "म्हणजे नुसतं बसून राहायचं?" हो. त्या दिवसांत आम्ही बसून नव्हतो, ते पुढे येईलच.

तिसरी पायरी: माणूस किती झेपवेल?

इथे मी जास्त वेळ घालवतो, कारण घरच्यांची मदत इथे सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त थापाही इथेच ऐकायला मिळतात.

कॅन्सरचे डॉक्टर जगभर एक साधी मोजपट्टी वापरतात, शून्य ते चार. सगळं पूर्वीसारखं करतो तो शून्य. जड काम जमत नाही पण बाकी ठीक, तो एक. स्वतःचं स्वतः उरकतो, कामधंदा जमत नाही, पण जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ उभा-हिंडता असतो, तो दोन. अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत, तो तीन. पूर्ण अंथरुणाला खिळलेला, चार. तीन-चारच्या माणसाला जोरदार केमो दिली तर आजाराआधी केमोच त्याला नेण्याची भीती असते.

व्हीलचेअरमधले अण्णा त्या दिवशी तीनमध्ये बसत होते. पण ५.८ हिमोग्लोबिनवर कुणीही तीनमध्येच बसेल. खरा प्रश्न असा: दोन महिन्यांपूर्वी ते काय करत होते? मी विचारलं. "एकदम फिट होते डॉक्टर, काही त्रास नव्हता," थोरला म्हणाला. तो वर्षातून एकदा येतो. मी धाकट्याकडे बघितलं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, गेल्या दिवाळीपासून अण्णा उसाला पाणी द्यायला रात्रीचे जात नाहीत, जिन्यात मध्ये थांबतात, आणि एकदा मोटरसायकलवरून उतरताना तोल गेला होता. या तीन वाक्यांत मला जे मिळालं ते कुठल्या मशीनमध्ये निघत नाही.

म्हणून इथे खरं सांगा. नातेवाईकांना वाटतं, अशक्त म्हणून सांगितलं तर डॉक्टर हात काढून घेतील. उलट आहे. आजाराने आलेला अशक्तपणा उपचाराने भरून निघतो, तेव्हा आम्ही थोडा धोका पत्करतो. वयाने, जुन्या अर्धांगवायूने, दुबळ्या हृदयाने आलेला भरून निघत नाही. दोन्हींतला फरक कळण्यासाठी आजाराआधीच्या सहा महिन्यांचं चित्र हवं: स्वतः आंघोळ करायचे का, एकटे एसटीने तालुक्याला जायचे का, औषधाच्या गोळ्या स्वतःच्या स्वतः लक्षात ठेवायचे का, किती वेळा पडले, वजन किती उतरलं. घरी बसून एका कागदावर लिहून आणा, आणि जो रोज सोबत राहतो त्याने लिहा.

दोन बाटल्या रक्त चढल्यावर चौथ्या दिवशी मी अण्णांना वॉर्डच्या पॅसेजमध्ये चार मीटर चालायला लावलं, घड्याळ लावून. बरे चालले. पण टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची ताकद कमी निघाली. नेहमीच्या जोरदार केमोत सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन असतं, आणि डॉनोरुबिसिन हृदयावरच बसतं. थोरल्याच्या "सगळ्यात स्ट्राँग" औषधावर पहिली काट इथे पडली.

चौथी पायरी: आकडा कुणाचा?

अण्णांसाठी सौम्य पर्याय होता अझासायटिडिनची इंजेक्शनं आणि सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ४३१ पेशंट होते, सगळे ७५ च्या पुढचे किंवा जोरदार केमो न झेपणारे. नुसत्या अझासायटिडिनवर मध्यक आयुर्मान ९.६ महिने, दोन्ही औषधांवर १४.७ महिने.

हा १४.७ ऐकून धाकटा बोटांवर महिने मोजू लागला. थांबवलं त्याला. शंभर पेशंट एका रांगेत उभे करा, सगळ्यात कमी जगलेला सगळ्यात पुढे. मधोमध जो उभा आहे त्याचा आकडा म्हणजे मध्यक. निम्मे त्याच्या पुढे, निम्मे मागे, आणि मागची रांग बरीच लांबते. अण्णा त्या रांगेत कुठे उभे राहतील याचा अंदाज जनुकांच्या रिपोर्टवरून थोडाफार बांधता येतो. त्यांचा रिपोर्ट आला तेव्हा एनपीएम१ मध्ये बदल होता, टीपी५३ ठीक होतं. रांगेत मागच्या बाजूला उभं राहायची संधी. वाट बघितली ती यासाठी.

म्हणून डॉक्टरांना "किती टक्के चान्स" एवढंच विचारू नका. त्या पाठोपाठ हे विचारा: हा आकडा माझ्या वडलांसारख्या लोकांवरून काढलेला आहे का? आणि: चांगलं झालं तर कसं दिसेल, वाईट झालं तर कसं, आणि तुम्हाला स्वतःला बहुतेक काय होईल असं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला डॉक्टर कचरतात. रेटून विचारा.

पुस्तकातला डोस परवडतच नसेल तर काय, हा आपल्याकडचा प्रश्न वेगळा, आणि त्यावर मुंबईतच मोलाचं काम झालं आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पुढे गेला की निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं) औषध चालतं, पण नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, म्हणजे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, सोबत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या, असं देऊन पाहिलं. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के हयात होते, छोटा डोसही मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. तेव्हा "कमी डोस म्हणजे गरिबाची बोळवण" असं दर वेळी समजू नका. हा कमी डोस चाचणीतून सिद्ध झालेला की निव्वळ तडजोड, एवढं मात्र विचारा.

व्हेनेटोक्लॅक्सचंही असंच. पूर्ण डोस ४०० मिलिग्रॅम. पण बुरशीच्या संसर्गावरची काही औषधं सोबत सुरू असली की यकृतात व्हेनेटोक्लॅक्स लवकर मोडत नाही आणि रक्तात साठतं, म्हणून डोस १०० किंवा त्याहून खाली आणावा लागतो. "चारच्या जागी एकच गोळी का दिली" म्हणून भांडायला येऊ नका, आणि स्वतःहून वाढवूही नका. ग्रेपफ्रूट याच कारणासाठी वर्ज्य. त्याच्याच कुळातलं पपनसही आम्ही बंद करतो. गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या पेशंटना हे मुद्दाम सांगावं लागतं.

पाचवी पायरी: पेशंटला काय हवंय?

"अण्णांना सांगू नका, खचतील." हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो. मायेपोटीच असतं. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःची लागते, सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच तसं स्पष्ट केलंय. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला पुढे रस्ता खचलाय हे कळत नाही असं थोडंच आहे? आपल्याला सांगत नाहीत म्हणजे फारच वाईट असणार, हे तो केव्हाच समजून चुकलेला असतो.

मी दोघा मुलांना चहाला पाठवलं. दहा मिनिटं. अण्णांना विचारलं, आजाराबद्दल तुम्हाला काय-काय माहीत आहे, आणि आणखी किती ऐकायचंय? (हा प्रश्न आधी विचारावा. काही जण खरंच म्हणतात, पोराशी बोला, मला नको. तोही त्यांचाच निर्णय.) अण्णा म्हणाले, रक्ताचा कॅन्सर आहे, रिपोर्ट उचलला तेव्हाच वाचला. मग दाराकडे बघून आवाज खाली करून म्हणाले, "वाटणीपत्र राहिलंय. दोघांच्यात विहिरीवरून वाद आहे. मी असेपर्यंत रजिस्टर झालं तर होईल, नाहीतर कोर्टात जातील. दीड-दोन महिने पायावर उभा ठेवा मला. त्या ऑफिसात स्वतः जावं लागतं."

हे फाइलमध्ये कुठे लिहिलेलं असणार?

जोरदार केमो म्हणजे चार-पाच आठवडे वॉर्डात, पेशी शून्यावर, आणि त्या वयात पहिल्याच महिन्यात जाण्याचा धोका डोळ्यांत भरण्यासारखा. सौम्य पर्यायात बरेचसे दिवस घरी. हृदय कमजोर होतंच, पण निर्णय खरा ठरला तो वाटणीपत्रावर. तुमच्या घरात तो नातवाच्या बारशावर ठरेल, नाहीतर मला नाकात नळी नको एवढ्यावर. पेशंटला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला दहा मिनिटं मिळवून द्या आणि तेवढ्या वेळात दाराशी घुटमळू नका.

सहावी पायरी: पैसा, रक्त, मुक्काम

हे बोलायला डॉक्टर लाजतात, आणि मग तिसऱ्या सायकलला (औषधाच्या तिसऱ्या फेरीला) उपचार अर्ध्यात सुटतात. अर्ध्यात सोडलेला महागडा उपचार पुरा केलेल्या स्वस्त उपचारापेक्षा बऱ्याचदा वाईट. पहिल्याच दिवशी सांगा की घरातून किती उभे राहतील आणि जमीन विकायची नाही हे ठरलंय का. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा, ओळखीच्या नगरसेवकाला नंतर.

ल्युकेमियात रक्तदाते जमवणं हे अर्धं काम. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. रक्तगटासकट पंधरा-वीस जणांची यादी करा आणि फोन करायचं काम एकाकडेच द्या. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: पेशंट तरुण असेल आणि पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायची शक्यता असेल, तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी त्याला रक्त देऊ नये. त्यातूनच दाता निवडायची वेळ येते, आणि आधी रक्त दिलेलं असेल तर पेशंटचं शरीर त्या दात्याच्या पेशी झिडकारण्याचा धोका वाढतो. रक्त शेजाऱ्यांनी, मित्रांनी द्यावं.

अझासायटिडिन महिन्यातले सात दिवस रोज घ्यायचं असतं. फलटण-पुणे रोज शक्य नाही. धाकट्याच्या हडपसरच्या वन-बीएचकेत अण्णांची कॉट बसेल का, यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. बसली, टीव्ही हलवून.

दुसरं मत

मोठ्या केंद्रांत अवघड केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवतात. सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, आम्ही, सगळे एका टेबलाभोवती, आणि वादही चांगले होतात. लहान गावातल्या डॉक्टरांनाही आता हे शक्य आहे. २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली हॉस्पिटलं ऑनलाइन बोर्डात केस मांडतात. "आमची केस बोर्डापुढे गेली का, आणि तिथे एकमत झालं का?" असं विचारा. डॉक्टरांना राग येईल या भीतीने चोरून दुसरं मत घेऊ नका. मला सांगून गेलात तर मी सगळे कागद व्यवस्थित बांधून देतो. दोन मतं वेगळी आली तर तिसरीकडे धावण्याआधी दोघांनाही एकच विचारा: तुमचं मत बदलायला कुठला रिपोर्ट पुरेल? बरेचदा वाद औषधाचा नसतोच, एखाद्या राहिलेल्या तपासणीचा असतो.

शेवटची पायरी: थांबायचं कधी, हे सुरू करायच्या आधी

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. उपचार सुरू करताना आम्ही चौघांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं: पहिल्या सायकलच्या शेवटी पुन्हा मॅरोची तपासणी. ब्लास्ट कमी झाले नाहीत तर फार तर आणखी एक-दोन सायकल. मध्ये कधी अंथरुणाला खिळले तर केमो थांबवून वेदना, धाप, ताप यांवरचे उपचार चालू ठेवायचे. व्हेंटिलेटर नको, हे अण्णांनी स्वतः सांगितलं, थोरल्याच्या देखत. उपचारांबद्दलचं असं इच्छापत्र (मालमत्तेचं नव्हे) कायदेशीर करता येतं: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

पॅलिएटिव्ह डॉक्टरला, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरला, पहिल्याच महिन्यात भेटा. तो शेवटचे दोन दिवस बोलवायचा माणूस नव्हे. घरी निभणारच नाही अशा वेळी हॉस्पिसचा, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या निवासी केंद्राचा, पर्यायही आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करतंय.

अण्णांच्या पहिल्या सायकलनंतर मॅरोत ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली आले. मधे तापासाठी सहा दिवस भरती व्हावं लागलं. दुसरी सायकल आम्ही आठ दिवस पुढे ढकलली, पेशी वर येण्यासाठी, आणि खरं सांगायचं तर निबंधक कार्यालयातल्या तारखेसाठीही. त्या आठवड्यात प्लेटलेट ९४ हजार होत्या. मास्क लावून, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून ते जिना चढले आणि अंगठा देऊन आले.

पुढच्या ओपीडीला पेढे घेऊन आले. व्हीलचेअर नव्हती. पेढ्यांचा पुडा टेबलावर सरकवून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझं काम झालं. आता सांगा, पुढची इंजेक्शनं कशासाठी?"

मी फाइल मिटली आणि मुलांना पुन्हा चहाला पाठवलं.